पेशवेकालीन पुण्यांत परस्थांची वस्ती : कौल, पाणी व ओळख

१. विषय व साधनें

शहरांचीं वर्णनें आपल्या ऐतिहासिक वाङ्मयांत पुष्कळ आढळतात. परंतु तीं बहुधा शहर वसून गेल्यानंतरचीं असतात. वाडे किती, देवालयें किती, सरदार कोण कोण राहत होते, यांची मोजदाद होते. जो सामान्य मनुष्य बायकामुलें, चार भांडीं व एखादा बैल घेऊन त्या शहराच्या वेशींत प्रथम उभा राहिला, त्यानें आपलें बिऱ्हाड कोठें टाकावें हें कशावरून ठरविलें, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक नव्या शहरीं जाणाऱ्यास सर्व काळीं दोन गोष्टींची विवंचना असते. जागा आपल्या ऐपतीची असली पाहिजे, आणि रात्रीं दार लावून निर्धास्तपणें निजतां आलें पाहिजे. या दोन गरजा जुन्या काळीं कशा भागविल्या जात, आणि कोणाच्या भागत नसत, याचा विचार पुण्याच्या उदाहरणावरून प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

पुण्याचें उदाहरण घेण्याचें कारण असें कीं, एका लहानशा कसब्याचें सव्वाशें-दीडशें वर्षांत राजधानींत रूपांतर झालें, आणि तें झालें मुख्यतः बाहेरून आलेल्या लोकांमुळें. कोंकणांतून ब्राह्मण आले, देशावरून कुणबी, माळी व कारागीर आले, गुजराथ व मारवाड या प्रांतांतून व्यापारी व सराफ आले, तेलंगण व द्रविड देशांतून विद्वान् व याचक आले. ज्या घराण्यानें हें शहर आपलें मुख्य ठाणें केलें तें भट घराणेंही मूळचें श्रीवर्धनचें, म्हणजे पुण्यास परस्थच होतें. तेव्हां परस्थांच्या वस्तीचा इतिहास हाच पुष्कळ अंशीं पुण्याचा इतिहास होय, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

या विषयाचीं साधनें विखुरलेलीं आहेत. पेशवे दप्तरांतील कागद, गणेश चिमणाजी वाड यांनीं केलेले पेशव्यांच्या रोजनिशींतील निवडक उतारे, आणि इ. स. १८८५ सालीं मुंबई सरकारनें प्रसिद्ध केलेलें पुणें जिल्ह्याचें गॅझेटियर हीं त्यांपैकीं प्रमुख होत. त्यांत एखाद्या गरीब बिऱ्हाडकरूची कैफियत हातीं लागणें दुर्मिळ आहे. परंतु सरकार कोणास काय देऊं करीत होतें व कोणापासून काय मागत होतें, हें या कागदांवरून कळतें. आणि देणें-मागणें कळलें म्हणजे वसणाराची गरज काय होती हेंही अनुमानानें कळूं शकतें.

विवेचनापूर्वीं चार शब्दांचा अर्थ ध्यानांत घेणें इष्ट आहे. कौल हा शब्द मूळचा अरबी; त्याचा अर्थ दिलेला शब्द, वचन. शेटे हा शब्द संस्कृत श्रेष्ठिन् शब्दापासून आलेला असून व्यापारी वस्तीच्या वतनदार प्रमुखास लावीत. त्याच्या जोडीला महाजन असे. कोतवाल हा शब्द फार्सींतून आपणांकडे रूढ झाला असला तरी त्याचें मूळ कोट्टपाल, म्हणजे कोटाचा रक्षक, हें होय. पुण्याची मौज अशी कीं, येथें कोतवाल होता, पण शहरास पुरा कोट असा कधींच नव्हता. रक्षण करावयाचें तें भिंतींनीं नव्हे, माणसांनींच करावें लागे. ही गोष्ट पुढील विवेचनांत महत्त्वाची आहे.

२. उजाड कसब्याची पुनर्वस्ती

इ. स. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानें पुणें जाळून उद्ध्वस्त केलें. गांवावर गाढवांचा नांगर फिरवून तेथें लोखंडी पहार रोविली, अशी परंपरागत कथा आहे. त्याच सुमारास १६३०-३२ चा महादुष्काळ पडला व जे कोणी उरले होते तेही देशोधडीस लागले. पुढें शहाजीराजांच्या जहागिरींतील या मुलुखांत जिजाबाई व बालशिवाजी राहावयास आले आणि दादोजी कोंडदेव यांच्या देखरेखीखालीं वसाहतीस पुन्हा आरंभ झाला. सोन्याच्या फाळाचा नांगर धरून जमीन नांगरल्याची कथा सर्वश्रुत आहे. उजाड रानांत माजलेले लांडगे मारून आणणारास बक्षीस देत, व पडीत जमीन लागवडीस आणणारास पहिलीं वर्षें सारा अगदीं हलका ठेवून तो क्रमाक्रमानें वाढवीत, असेंही परंपरा सांगते.

या कथांतील तपशिलाचा खल करण्याचें हें स्थळ नव्हे. तथापि त्या एकत्र ठेवून पाहिल्या असतां एक गोष्ट स्पष्ट दिसते. सोन्याचा नांगर शापाची भीति घालविण्यासाठीं होता, लांडग्यांवरील बक्षीस जिवाची भीति घालविण्यासाठीं होतें, आणि साऱ्याची सूट ही पोटाची चिंता कमी करण्यासाठीं होती. मनुष्य नव्या ठिकाणीं जावयास कां कचरतो हें त्या वसाहत करणारांस चांगलें ठाऊक होतें. म्हणून त्यांनीं भय आणि खर्च या दोन्हींवर एकदमच उपाय योजिला.

त्या वेळच्या वस्तीचा गाभा म्हणजे मुठेच्या कांठचा कसबा. त्याच्या आसमंतांत शहापूर, मलकापूर, मुर्तजाबाद अशा लहान लहान पेठा होत्या. त्याच पुढें सोमवार, रविवार व शनिवार या नांवांनीं प्रसिद्धीस आल्या.

३. पेठ वसविण्याची रीत

बाजीराव बल्लाळ यांनीं इ. स. १७३० सालीं शनिवारवाड्याचें काम सुरू केलें, आणि पुण्याचा ओघ पालटला. दरबार तेथें कारकून, शिपाई, सराफ, बजाज, सुतार, लोहार हे ओघानेंच आले. त्या लोकांस जागा करून देण्यासाठीं नव्या पेठा वसविण्याचा उद्योग पुढें साठ वर्षें अव्याहत चालला. जिवाजीपंत खासगीवाले यांनीं इ. स. १७३४ मध्यें शुक्रवार पेठ, १७५० च्या सुमारास वेताळ ऊर्फ गुरुवार पेठ, व १७५५ मध्यें गणेश पेठ वसविली. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत भवानी पेठ (१७६७) बोरवनाच्या जागीं, व सदाशिव पेठ (१७६९) नायगांवच्या जागीं उठली. नारायण पेठ त्याच कारकीर्दींतली. सवाई माधवरावांच्या काळांत घोरपडे पेठ, आनंदराव रास्ते यांनीं वसविलेली शिवपुरी ऊर्फ रास्त्यांची पेठ, आणि सर्वांत शेवटीं, १७९१ च्या सुमारास, नाना फडणविसांची हनुमान पेठ अशी मालिका झाली.

एकंदर रीत अशी होती. सरकार एखाद्या कर्त्या पुरुषास पेठ वसविण्याची परवानगी देई. तो शेटे व महाजन यांची योजना करी आणि त्यांच्या विद्यमानें कौल जाहीर होई. जे कोणी उदमी, कारागीर पेठेंत येऊन घर किंवा दुकान बांधतील त्यांस अमुक वर्षें जकात, मोहतर्फा व वेठबिगार माफ. मुदत सरल्यावर इस्ताव्यानें, म्हणजे पायरीपायरीनें, पट्टी घ्यावी. असा या कौलांचा सर्वसाधारण आशय असे. शेट्यास पेठेंतील व्यवहारांवर वंशपरंपरेचे हक्क मिळत. पेठ भरली तर त्याचें वतन फळास येई, पेठ ओस राहिली तर वतनाचा कागद नुसता कागदच. म्हणून बाहेरचीं माणसें आणावीं, त्यांना जागा दाखवावी, त्यांची सरकारदरबारीं ओळख करून द्यावी, यांत शेट्याचाच स्वार्थ गुंतलेला होता. नव्या मनुष्याचें हित ज्याच्या हितांत मिसळलेलें आहे असा एक मनुष्य त्याला वेशींतच भेटे, हें या पद्धतीचें मर्म होय.

नवागताच्या दृष्टीनें विचार केला तर जुन्या आणि नव्या पेठांत उघड फरक होता. कसबा, रविवार किंवा बुधवार येथें बाजार जवळ, दरबार जवळ, शेजार भरलेला. परंतु मोकळी जागा थोडी व कौलाची सवलत संपलेली. नव्या पेठेंत जागा मुबलक व कर माफ. परंतु सभोंवार बोरींचें रान किंवा माळ्यांचे मळे, आणि अंधार पडल्यावर हांक मारली तर ऐकावयास शेजारी नाहीं. स्वस्त जागा ती बहुधा कडेची, व कडेची ती बहुधा धोक्याची, हा नियम तेव्हांही होता. कौल हा त्या धोक्याचा मोबदलाच होता असें म्हटलें तर चालेल. जो आधीं येऊन धोका पत्करी त्याला माफी पुरी मिळे. पेठ भरून सुरक्षित झाल्यावर जो येई त्याच्या वांट्यास माफीचीं थोडींच वर्षें उरत.

वस्तीची मांडणी व्यवसाय व जात यांवरून होई. तांबट आळी, कासार आळी, शिंपी आळी, बोहरी आळी, भोई आळी हीं नांवें आजही त्याची साक्ष देतात. परगांवचा तांबट पुण्यांत आला तर त्यास कोठें जावें हें विचारावें लागत नसे. ठोक्याचा आवाज ऐकत गेलें म्हणजे झालें. तेथें त्याला हत्यार उसनें मिळे, काम मिळे, मुलीस स्थळ मिळे, आणि मुख्य म्हणजे हा आमचा मनुष्य आहे असें सांगणारा कोणी तरी मिळे.

४. पाणी व जमीन

कौल कितीही उदार असला तरी पाण्यावांचून पेठ वसत नाहीं. जुनी वस्ती मुठा नदी, नागझरी व विहिरी यांच्या आधारानें होती. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, १७५० च्या सुमारास, कात्रज येथें तलाव बांधून तेथून पक्क्या नळानें शहरांत पाणी आणलें गेलें आणि ठिकठिकाणीं हौद बांधले गेले. पुढें रास्त्यांनीं आपल्या पेठेसाठीं कोंढव्याकडून पाणी आणलें. दक्षिणेकडील व पश्चिमेकडील पेठा जोमानें वाढल्या याचें एक मोठें कारण हे हौद होत. पाण्याचा हौद म्हणजे केवळ पाणी नव्हे. सकाळ-संध्याकाळ तेथें आळींतील बायका जमत. कोणाकडे पाहुणा आला, कोणाचें बिऱ्हाड उठलें, हें चावडीच्या आधीं हौदावर कळत असे. नव्या घरच्या स्त्रीची शेजाराशीं पहिली ओळख होण्याची जागा तीच.

आंबिल ओढा पूर्वीं वस्तीच्या अंगावरून वाहत असे. तो पर्वतीच्या बाजूस अडवून वळविल्यानें बरीच जमीन वस्तीस मोकळी झाली. परंतु वळविलेलें पाणी आपली जुनी वाट विसरत नाहीं, व नदीकांठची सखल जागा सखलच राहते. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां नदीलगतच्या पेठांतील हजारों घरें वाहून गेलीं, व पूरग्रस्तांसाठीं गोखलेनगर, सहकारनगर इत्यादि वसाहती उभाराव्या लागल्या. सुरक्षित वस्ती म्हणजे केवळ चोरांपासून सुरक्षित, असा संकुचित अर्थ घेऊन चालत नाहीं. पायाखालच्या जमिनीची उंचीही पाहावी लागते.

५. इ. स. १७६३ चा धडा

पानिपतच्या आघातानंतर दोनच वर्षांनीं, इ. स. १७६३ मध्यें, निजामअल्लीनें जानोजी भोसल्यांच्या साह्यानें पुण्यावर चाल केली. शहरास तट नाहीं, फौज दूर. लोक चीजवस्त घेऊन सिंहगड, लोहगड, पुरंदर या किल्ल्यांकडे पळाले. शहर लुटलें गेलें. ज्या घरांबद्दल खंडणी मिळाली तीं वांचलीं, ज्यांची मिळाली नाहीं तीं पाडलीं किंवा जाळलीं गेलीं. म्हणजे त्या दिवसांत सुरक्षिततेस रोख किंमत होती, व ती ज्यास देतां आली नाहीं त्याचें घर गेलें. पुढें त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत राक्षसभुवन येथें माधवरावांनीं निजामाचा पराभव केला व या अपमानाची फेड झाली. परंतु जळलेल्या घरांच्या मालकांस विजयाच्या बातमीनें छप्पर मिळत नव्हतें.

वर दिलेल्या पेठांच्या सालांकडे पुन्हा पाहावें. भवानी व सदाशिव या पेठा या जाळपोळीनंतरच्या दहा वर्षांच्या आंतल्या आहेत. कोतवालीची घडी नीट बसविण्याचा उद्योगही याच कारकीर्दींतला. पळालेले लोक परत यावे आणि त्यांच्याबरोबर नवेही यावे, यासाठीं सरकारास लोकांचा विश्वास पुन्हा मिळवावयाचा होता. नव्या पेठांचे कौल आणि कोतवालाचे नियम हीं एकाच धोरणाचीं दोन अंगें होत, असें आमचें मत आहे.

६. कोतवाल व परस्थांची नोंद

रोजनिशींतील उताऱ्यांवरून पुण्याच्या कोतवालाचीं कामें कळतात. पेठांतील मोठ्या तंट्यांचा निवाडा करणें, रस्ते, बोळ व घरें यांबद्दलचे कजिये तोडणें, निरख ठरविणें, सरकारकामास मजूर पुरविणें, घरांच्या व जागांच्या खरेदीविक्रीचे कागद आपल्या विद्यमानें करविणें, लोकांची मोजदाद ठेवणें, आणि शहरांत येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांची नोंद करणें. पेठोपेठीं चावड्या असत. रात्रीं तोफ झाल्यावर रस्त्यांत फिरण्याची मनाई असे व पहारेकरी कोणी फिरतांना आढळल्यास अडकवून ठेवीत. रामोशी चौकी करीत. चोरी झाल्यास माग लावून देण्याची जबाबदारी त्यांजवर असे. पेशवाई बुडाल्यानंतर एल्फिन्स्टन साहेबानें आपल्या अहवालांत या बंदोबस्ताचा खर्च दरमहा सुमारें ९,००० रुपये असल्याचें नमूद करून त्याबद्दल बरें मत दिलें आहे.

यांतील दोन कलमें आपल्या विषयास विशेष लागू आहेत. एक, जागेची खरेदी कोतवालाच्या कागदावांचून पुरी होत नसे. परगांवच्या मनुष्यास फसवून दुसऱ्याचीच जागा त्याच्या गळ्यांत बांधण्याचे प्रकार यामुळें रोखले जात असले पाहिजेत. दुसरें, कोण आलें व कोण गेलें याची चावडीस खबर पाहिजे. या नोंदीमुळें शेजारी निर्धास्त होत. परंतु नोंद करावयाची म्हणजे कोणी तरी ओळख सांगणारा हवा. व्यापारी असेल तर त्याचा आडत्या, कारागीर असेल तर त्याची जात, वैदिक असेल तर ज्या घरीं उतरला तो यजमान. ओळख हाच त्या काळचा परवाना.

७. कौटिल्याशीं तुलना

हा विचार नवा नव्हता. कौटिलीय अर्थशास्त्रांत दुसऱ्या अधिकरणाच्या शेवटच्या अध्यायांत नागरिक नामक अधिकाऱ्याचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. त्याच्या हाताखालीं गोप असावेत, व प्रत्येकानें दहा, वीस किंवा चाळीस कुळांची जात, गोत्र, नांव, धंदा व आयव्यय यांसह माहिती ठेवावी. धर्मशाळांच्या चालकांनीं वाटसरूंची खबर देऊन मगच त्यांस उतरवून घ्यावें. कारागिरांनीं आपल्या कामाच्या जागीं आपल्याच धंद्याच्या माणसास, व्यापाऱ्यांनीं व्यापाऱ्यास ठेवून घ्यावें. घरधन्यानें आलेल्या-गेलेल्याची वर्दी द्यावी. न दिल्यास त्या रात्रीं घडलेल्या गुन्ह्याचा दोष त्याजकडे येतो. रात्रीं वाद्याचा घोष झाल्यावर संचार बंद. आगीविरुद्ध दारोदार पाण्याचीं भांडीं भरून ठेवावीं.

पुण्याच्या कोतवालीशीं याचें साम्य पाहून कोणास वाटेल कीं, पेशव्यांनीं कौटिल्य वाचूनच हे नियम केले. तसें मानण्याचें कारण नाहीं. अर्थशास्त्राची पोथी विद्वानांच्या दृष्टीस पडली ती विसाव्या शतकाच्या आरंभीं, आणि शामशास्त्री यांनीं तो ग्रंथ छापला १९०९ सालीं. साम्याचें कारण ग्रंथांत नसून गरजेंत आहे. जेथें अनोळखी माणसें मोठ्या संख्येनें एकत्र राहूं लागतात तेथें त्यांना एकमेकांची हमी हवी असते. मग ती तोफेनें सांगा कीं तूर्यानें.

परंतु कौटिल्याच्या आणि कोतवालाच्या दोघांच्याही व्यवस्थेंत एकच उणीव आहे. ज्यास ओळख आहे त्याची सोय दोघांनींही पाहिली आहे. ज्यास ओळख नाहीं तो दोघांच्याही लेखीं प्रथमदर्शनीं संशयितच ठरतो.

८. इ. स. १७९१ ची घटना

या उणिवेचें भयंकर स्वरूप घाशीराम कोतवालाच्या प्रकरणांत प्रकट झालें. घाशीराम हा स्वतःच परस्थ. औरंगाबादेकडून पुण्यास आलेला उत्तरदेशीय ब्राह्मण. नाना फडणविसांच्या मर्जीस उतरून तो १७७७ सालीं कोतवाल झाला व चौदा वर्षें त्या अधिकारावर राहिला. त्याच्या कारकीर्दींत चौक्या-पहारे वाढले, व त्याबरोबर त्याच्या शिपायांची दहशतही वाढली.

ऑगस्ट १७९१ च्या अखेरीस दक्षिणेच्या निमित्तानें पुण्यांत आलेले तिसांहून अधिक तेलंगी ब्राह्मण कोतवालाच्या बागेंतील फळें तोडल्याच्या आरोपावरून धरले गेले व एका कोंदट खोलींत कोंडले गेले. तेथें त्यांची कोणी विचारपूस केली नाहीं. मानाजी शिंदे फांकडे यांस ही गोष्ट कळतांच त्यांनीं कुलुपें तोडविलीं. पण तोंपर्यंत त्यांतील वीसांहून अधिक मनुष्यें गुदमरून मेलीं होतीं. शहरांतील तेलंगी ब्राह्मणांचा मोठा समुदाय नानांच्या वाड्यावर चालून गेला. अखेरीस घाशीरामास त्या जमावाच्या हवालीं करण्यांत आलें व ३१ ऑगस्ट रोजीं दगडांनीं ठेंचून त्याचा शेवट झाला. इंग्रजांचा वकील मॅलेट त्या वेळीं पुण्यांत होता व त्यानेंही ही हकीकत लिहून ठेविली आहे.

या प्रकरणाचा विचार आजवर बहुधा घाशीरामाचा दुष्टपणा किंवा नानांची जबाबदारी या दृष्टीनें झाला आहे. नाटककारांनींही तीच बाजू उचलली. आमच्या मतें त्यांत एक तिसरी बाजू आहे. हीच फळें सदाशिव पेठेंतील एखाद्या गृहस्थाच्या मुलांनीं तोडलीं असतीं तर काय झालें असतें? चावडीवर बोलावणें झालें असतें, बापानें चार शब्द ऐकून घेतले असते, फार तर दंड झाला असता. त्या तेलंगी ब्राह्मणांकडे आळी नव्हती, शेट्या नव्हता, घरधनी नव्हता. रात्रीं अमका घरीं आला नाहीं, कोठें आहे, असें चावडीवर जाऊन विचारणारें माणूस नव्हतें. त्यांचे देशबांधव शहरांत होते; पण त्यांस खबर लागली ती फार उशिरां. हमी उभी राहिली, परंतु ती मेलेल्यांसाठीं.

जी व्यवस्था पेठेंतल्या माणसास रात्रीं निर्धास्त निजूं देत होती, तीच व्यवस्था पेठेबाहेरच्या माणसास त्याच शहरांत जिवास मुकविणारी ठरली. पहारा तोच, चावडी तीच, कोतवाल तोच. फरक एवढाच कीं, एकाच्या मागें ओळख होती व दुसऱ्याच्या मागें नव्हती.

९. कौलाबाहेरचे लोक

ओळख नसलेल्यांची ही गोष्ट झाली. पण ज्यांची ओळख पुरेपूर होती, व तीच ज्यांच्या आड येत होती, असेही लोक या शहरांत होते. अस्पृश्य मानलेल्या जातींची वस्ती शहराच्या कडेलाच असावयाची. कौटिल्यानेंही चांडाळांची वस्ती स्मशानाच्या बाजूस सांगितली आहे. तेथेंही ग्रंथापेक्षां रूढीच जुनी. शहर वाढे तसतशी कड पुढें सरके व त्यांचीं खोपटींही पुढें सरकत. शहराची झाडलोट, मेलेलीं ढोरें ओढणें, निरोप पोंचविणें हीं कामें त्यांनीं करावयाचीं. हौदावर मात्र त्यांनीं यावयाचें नाहीं. ज्या हौदांनीं पेठा वसविल्या त्या हौदांचें पाणी या लोकांसाठीं नव्हतें.

इ. स. १८६८ सालीं जोतीराव फुले यांनीं गंज पेठेंतील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस मोकळा केला. या गोष्टीकडे सामाजिक सुधारणेचा प्रसंग म्हणून आपण पाहतों, व तें योग्यच आहे. परंतु पुण्याच्या वस्तीच्या इतिहासांत त्याचें आणखीही एक स्थान आहे. पेठ वसवावयाची तर पाणी द्यावें लागतें, ही रीत पेशवाईपासूनची होती. शहरांत पिढ्यान्‌पिढ्या राहूनही ज्यांस कोणी वसूं दिलें नव्हतें, त्यांस या हौदानें प्रथमच शेजारी मानलें. कोणत्याही शेट्यानें न दिलेला हा कौल होता. त्या पेठेस आज महात्मा फुले पेठ हें नांव आहे.

१०. उपसंहार

वरील विवेचनाचें तात्पर्य थोडक्यांत असें सांगतां येईल. पेशवेकालीन पुण्यांत नव्या मनुष्यास परवडणारी व सुरक्षित जागा मिळे ती तीन गोष्टींच्या योगानें. कौलानें खर्च आटोक्यांत येई. हौदानें राहणें शक्य होई. ओळखीनें भय दूर होई. यांपैकीं पहिल्या दोन सरकार किंवा एखादा सरदार देऊं शकत असे. तिसरी ज्याची त्यानें आणावयाची होती. ज्याच्यापाशीं ती होती त्याला पुणें मायाळू वाटलें, ज्याच्यापाशीं नव्हती त्याला तें कोतवालाची कोठडी वाटलें, व ज्याची ओळखच त्याच्या आड आली त्याला तें वेशीबाहेरून पाहावें लागलें.

या तीन गोष्टींचीं रूपें आज बदललीं आहेत. इ. स. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यान्वयें भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. तें कोतवालाच्या कागदाचें नवें रूप समजावें. भाडेकरूची माहिती पोलिसांस द्यावी असा दंडक आहे. तो येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नोंदीचा वंशज. या दोन्हींत वावगें कांहीं नाहीं; त्यांनीं घरमालकाचें व शेजाऱ्यांचें हित होतें, व चांगल्या भाडेकरूचेंही होतें. परंतु आडनांव ऐकून, गांव विचारून, स्वयंपाकांत काय शिजतें याची चौकशी करून, जागा नुकतीच गेली असें सांगण्याची जी चाल आहे, तिला कोणत्याही कायद्याचा आधार नाहीं. ती जुन्या आळीची चाल आहे. फक्त आळींत जें मिळत असे तें साह्य तींतून गळून गेलें असून मनाई तेवढी उरली आहे.

नव्या शहरीं बिऱ्हाड करणारा मनुष्य जागा पाहावयास जातो तेव्हां वस्ती चांगली आहे ना, असें विचारतो. त्याला उत्तर देणारे बहुधा तेथें पूर्वींपासून राहणारे असतात, व ते आपल्या अनुभवानें सांगतात. त्यांचें सांगणें खोटें नसतें. १७९१ सालींही शुक्रवार-सदाशिव पेठेंतील गृहस्थांनीं पुण्याचा बंदोबस्त उत्तम आहे असेंच सांगितलें असतें. परंतु वस्तीची खरी परीक्षा तेथें कालच आलेल्या, कोणाशीं नातें नसलेल्या मनुष्याची रात्र कशी जाते यावरून करावयास पाहिजे. पुण्याच्या पेठांचा इतिहास लिहितांना आपण आजवर वाडे मोजले, हौद मोजले, चावड्या मोजल्या. दप्तरांतील कौलनामे व कोतवालीचे कागद या दृष्टीनें पुन्हा वाचले गेले, तर त्या वाड्यांच्या ओसरीवर उतरलेल्या अनामिक परस्थांचाही कांहीं वृत्तांत हातीं लागेल, व या विषयावर याहून अधिक लिहिणें तरुण अभ्यासकांस शक्य होईल.